सागरी श्वेतबिंदू रोग

सागरी श्वेतबिंदू रोग हा खाऱ्या पाण्यातील माशांना होणारा परजीवीजन्य रोग आहे. 'क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स' या एकपेशीय परजीवीमुळे तो होतो. हौशी मत्स्यपालकांमध्ये हा रोग 'मरीन इक' किंवा 'व्हाइट स्पॉट' या नावांनी ओळखला जातो. उष्ण कटिबंधातील समुद्रांत हा परजीवी नैसर्गिकरीत्या आढळतो. परंतु विस्तीर्ण समुद्रात त्याचा उपद्रव सहसा मर्यादित राहतो. घरगुती मत्स्यालयाच्या कोंडलेल्या पाण्यात मात्र तो झपाट्याने वाढतो. विशेषतः प्रवाळ असलेल्या मत्स्यालयात एकदा शिरकाव झाल्यावर हा रोग पुनःपुन्हा उद्भवतो.

नाव व वर्गीकरण

'क्रिप्टोकॅरिऑन' हे नाव 'लपलेले केंद्रक' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आले आहे. या परजीवीच्या शरीरावर केसांसारख्या सूक्ष्म पक्ष्माभिका असतात व त्यांच्या साहाय्याने तो पोहतो. गोड्या पाण्यातील माशांना होणाऱ्या श्वेतबिंदू रोगाची लक्षणे व जीवनचक्र बरेचसे असेच असले, तरी तो रोग 'इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस' या निराळ्या परजीवीमुळे होतो. दोहोंतील साम्य हे निकटच्या नात्यामुळे नसून सारख्या जीवनपद्धतीमुळे आले आहे. म्हणून गोड्या पाण्यातील उपचार येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

लक्षणे

माशाच्या अंगावर व परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. मासा दगडांवर अंग घासतो, पर मिटून घेतो, अन्न टाळतो. परजीवी कल्ल्यांत शिरल्यास श्वसन जलद होते. अंगावर एकही ठिपका नसताना केवळ कल्ल्यांतील संसर्गामुळेही मासा दगावू शकतो. सर्जन मासे या रोगाला विशेष बळी पडतात.

'ॲमिलूडिनियम' या परजीवीमुळे होणाऱ्या मखमली रोगात ठिपके पिठाच्या धुळीसारखे अतिशय बारीक असतात आणि मासे फार लवकर मरतात. विषाणूजन्य लिम्फोसिस्टिस रोगात ठिपक्यांऐवजी फुलकोबीसारख्या गाठी येतात. उपचार भिन्न असल्यामुळे हे रोग वेगळे ओळखणे आवश्यक असते.

जीवनचक्र

परजीवीच्या जीवनचक्रात चार अवस्था असतात.

ट्रोफॉन्ट: ही माशाच्या बाह्यत्वचेखाली राहून ऊतींवर पोसणारी अवस्था होय. पांढरा ठिपका म्हणून दिसते ती हीच. ती साधारणतः ३ ते ७ दिवस टिकते.

प्रोटोमॉन्ट: पूर्ण वाढलेला परजीवी मासा सोडून तळाकडे जातो व काही तासांत एखाद्या पृष्ठभागाला चिकटतो.

टोमॉन्ट: वाळू, दगड किंवा काच यांवर परजीवी स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. कवचात त्याचे वारंवार विभाजन होते. ही अवस्था बहुधा ३ ते २८ दिवसांची असते. परंतु ती ७२ दिवसांपर्यंत लांबल्याची नोंद आहे.

थेरॉन्ट: कवचातून बाहेर पडणारे, माशाच्या शोधात पोहणारे हे सूक्ष्म जीव होत. एका कवचातून सुमारे २०० पर्यंत थेरॉन्ट निघू शकतात. मासा न सापडल्यास ते एकदोन दिवसांत मरतात.

मासा सोडणे आणि कवचातून बाहेर पडणे या दोन्ही क्रिया प्रामुख्याने अंधारात घडतात. त्या वेळी मासे तळाशी किंवा दगडांच्या फटीत विसावलेले असल्याने थेरॉन्टना ते सहज सापडतात.

रोग वारंवार उद्भवण्याची कारणे

ठिपके नाहीसे होणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. ठिपके जातात, कारण परजीवी मासा सोडून कवचात गेलेला असतो. याच सुमारास एखादे औषध वापरलेले असेल, तर श्रेय औषधाला दिले जाते. काही दिवसांनी ठिपके परततात व बहुधा संख्येने अधिक असतात.

संसर्गातून वाचलेल्या माशांत काही काळ अंशतः प्रतिकारशक्ती निर्माण होते. अशा माशांवर थोडे परजीवी, विशेषतः कल्ल्यांत, नजरेस न येता टिकून राहतात. नवा मासा आणल्यावर त्याच्यात ही प्रतिकारशक्ती नसते. तो आजारी पडतो आणि त्याच्यावर वाढलेले परजीवी जुन्या माशांनाही पुन्हा ग्रासतात. अशा वेळी 'नव्या माशाने रोग आणला' असा समज होतो. प्रत्यक्षात रोग मत्स्यालयात आधीपासून असू शकतो.

प्रवाळ मत्स्यालयातील अडचण

त्वचेखालील आणि कवचातील अवस्थांपर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही. मुक्त पोहणारा थेरॉन्ट तेवढा औषधाच्या तावडीत सापडतो. त्याला मारणारी प्रभावी द्रव्ये प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी व समुद्रपुष्पे यांनाही घातक असतात. तांबे चुनखडीयुक्त दगड व वाळू यांत शोषले जाते. त्यामुळे त्याची मात्रा स्थिर राहत नाही आणि ते पुढे पाण्यात उतरण्याचा धोका राहतो. म्हणून सर्व मासे बाहेर काढून स्वतंत्र टाकीत उपचार करावे लागतात. मासे पकडण्यासाठी अनेकदा दगडांची रचना मोडावी लागत असल्याने हा निर्णय लांबणीवर पडतो आणि दरम्यान मासे दगावतात.

उपचार

तांबे: मुक्त तांब्याची मात्रा दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतकी, किमान ३ आठवडे सलग राखली जाते. मात्रा कमी पडल्यास परजीवी वाचतो, वाढल्यास माशाला विषबाधा होते. त्यामुळे ती रोज मोजावी लागते. संयुगित तांब्याच्या औषधांची मात्रा निराळी असल्याने उत्पादकाच्या सूचना पाळणे आवश्यक असते.

लवणता कमी करणे: समुद्राच्या पाण्याची लवणता दर हजारी सुमारे ३५ भाग असते. ती टप्प्याटप्प्याने १५ भागांच्या आसपास किंवा त्याखाली आणल्यास कवचातील परजीवी फुटून मरतात. मात्र कमी लवणता सहन करणारे काही वाणही आढळले आहेत.

टाकी बदलणे: मासे दर ३ दिवसांनी स्वच्छ व पूर्ण वाळवलेल्या टाकीत हलवतात. असे चार वेळा केल्यास परजीवी मागील टाकीत राहतो व नवे थेरॉन्ट निघण्यापूर्वी मासे पुढे गेलेले असतात. या पद्धतीत औषध लागत नाही.

उपचाराच्या टाकीत वाळू व दगड ठेवत नाहीत. आडोशासाठी प्लॅस्टिकच्या नळ्यांचे तुकडे पुरतात. तेथे उपयुक्त जीवाणू अल्प असल्याने अमोनिया साचतो. रोगाऐवजी अमोनियाने मासे मरणे हा नेहमीचा अपघात असून, वारंवार पाणी बदलून तो टाळता येतो.

मत्स्यालय माशांविना ठेवणे

मुख्य मत्स्यालयात या काळात एकही मासा ठेवला जात नाही. सर्वांत दीर्घ टिकणारे कवचही फुटून जावे, यासाठी हौशी पालकांमध्ये ७६ दिवसांचा कालावधी रूढ आहे. प्रवाळ व इतर अपृष्ठवंशी प्राण्यांवर हा परजीवी पोसला जात नसल्याने ते तेथेच राहू शकतात. एक मासा जरी मागे राहिला, तरी चक्र चालू राहते व दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.

अपुरे उपाय

स्वच्छक मासे व कोळंबी, लसूणमिश्रित अन्न आणि तापमानवाढ यांनी रोगाचे निर्मूलन होत नाही. तापमान वाढवल्यास चक्राचा वेग वाढतो, ते तुटत नाही. जंबुपार दिव्यामुळे पाण्यातील थेरॉन्टची संख्या घटते. परंतु दिव्यापर्यंत न पोहोचणारे थेरॉन्ट उरतातच. काही पालक निर्मूलनाचा प्रयत्न न करता उत्तम आहार, कमी गर्दी आणि स्थिर पाणी यांच्या बळावर रोग आटोक्यात ठेवतात. अशा मत्स्यालयात नवा मासा आणणे किंवा वीज खंडित होऊन पाणी बिघडणे, एवढ्यानेही रोग उफाळू शकतो.

प्रतिबंध

नवा मासा स्वतंत्र टाकीत ४ ते ६ आठवडे निरीक्षणाखाली ठेवणे, हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. प्रवाळाचा तुकडा, ओला दगड व गोगलगायीचे शिंपले यांवरही कवचे चिकटून येऊ शकतात. म्हणून त्यांनाही तितकाच दीर्घ काळ माशांविना ठेवतात. दुकानातील पाणी घरच्या मत्स्यालयात ओतले जात नाही. जाळी, बादल्या व नळ्या दोन टाक्यांसाठी वेगळ्या ठेवतात किंवा वापरानंतर पूर्ण वाळवतात, कारण कोरडेपणात हा परजीवी तग धरत नाही.