पाण्याखालच्या कॅमेऱ्याची कुळकथा

पाण्याखाली छायाचित्र घेताना तीन अडचणी आड येतात. समुद्रात दर 10 मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि बारीकशा फटीतूनही पाणी आत घुसते. उजेड झपाट्याने मंदावतो; तांबडा रंग तर पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो. तिसरी अडचण छायाचित्रकाराची: त्याला पाण्यात श्वास घेत, हात मोकळे ठेवून काम करता आले पाहिजे. या अडचणी जसजशा सुटत गेल्या, तसतसा पाण्याखालचा कॅमेरा घडत गेला.

पहिला प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. 1856 साली विल्यम थॉम्पसन या वकिलाने वेमथच्या उपसागरात काचेचे तोंड असलेल्या पेटीत कॅमेरा बसवला आणि होडीतून सुमारे साडेपाच मीटर खोल सोडला. शटर वरून दोरीने उघडायचे होते. दहा मिनिटे शटर उघडे राहिले, पेटीत पाणीही शिरले. तरी तळावरचे खडक आणि शेवाळ अंधूकपणे उमटले. छायाचित्रकार मात्र होडीतच होता. कॅमेऱ्यासमोर काय आहे, हे त्याला दिसत नव्हते.

कॅमेऱ्यासोबत स्वतः खाली उतरला तो लुई बुताँ. दक्षिण फ्रान्समधील बान्यूल्स-सुर-मेर येथील सागरी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या प्राणिशास्त्रज्ञाने 1893 साली पाणबुड्यांचा जड पोशाख चढवून छायाचित्रे घेतली. त्याचा कॅमेरा भाऊ ऑगस्त या अभियंत्याने आखला होता. त्यातली दाबाची युक्ती साधी होती. तांब्याच्या पेटीला हवेने भरलेला रबरी फुगा जोडलेला असे. खोली वाढली की पाणी फुगा दाबे, फुग्यातली हवा पेटीत जाई आणि आतबाहेरचा दाब सारखा राही. नैसर्गिक उजेडात एका चित्राला अर्धा तासही लागे. म्हणून प्राणवायू भरलेल्या पिंपावर काचेच्या घंटेखाली स्पिरिटचा दिवा ठेवून, त्याच्या ज्योतीवर रबरी फुग्याने मॅग्नेशियमची पूड फुंकण्याची सोय केली गेली. 1899 साली बुताँने एमिल राकोवित्सा या रुमानियन शास्त्रज्ञाचे पाण्याखाली छायाचित्र घेतले. बुडी मारलेल्या माणसाच्या सर्वांत जुन्या छायाचित्रांत त्याची गणना होते.

रंगीत चित्रासाठी त्याहून प्रखर उजेड लागणार होता. 1926 साली फ्लोरिडाजवळच्या ड्राय टोर्टुगास बेटांपाशी डब्ल्यू. एच. लाँगली आणि ‘नॅशनल जिऑग्राफिक’चे चार्ल्स मार्टिन यांनी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून पाण्याखाली लख्ख प्रकाश पाडला आणि माशांची पहिली रंगीत छायाचित्रे मिळवली. ती पुढच्याच वर्षी मासिकात छापून आली.

तिसरी अडचण 1943 साली सुटली. झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्याँ यांच्या ‘ॲक्वालंग’मध्ये पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा पाणबुड्याला हवी तेव्हा आणि भोवतालच्या दाबाइतक्या दाबाने मिळू लागली. वरून हवा पुरवणारी नळी गेली, शिशाचे बूट गेले. पाणबुड्या माशांबरोबर पोहू लागला आणि त्याला हातात मावेल असा कॅमेरा हवासा वाटू लागला.

तो कॅमेरा बेल्जियन अभियंता झाँ द वूतेर याने कुस्तोच्या सहकार्याने घडवला आणि त्याला कुस्तोच्या ‘कॅलिप्सो’ जहाजाचे नाव मिळाले. तोवर जमिनीवरचा कॅमेरा जलरोधक पेटीत घालून नेत. कॅलिप्सोमध्ये कॅमेऱ्याचे अंगच जलरोधक होते. आतली यंत्रणा बाहेरच्या कवचात वरून सरकून बसे आणि पुढून लेन्स लावली की दोन्ही जागच्या जागी अडकत. सांध्यांत रबरी कड्या असत. फिल्म पुढे सरकवणे आणि शटर दाबणे ही दोन्ही कामे एकाच खटक्याने होत, त्यामुळे हातमोजा घातलेल्या बोटांनाही कॅमेरा चालवता येई. 1963 पासून जपानच्या निकॉन कंपनीने हाच कॅमेरा ‘निकोनॉस’ या नावाने बनवला. पुढे केवळ पाण्यासाठीच्या लेन्सही आल्या, कारण सपाट काचेतून पाहताना वस्तू सुमारे एक चतुर्थांश जवळ भासतात आणि दृश्याचा आवाका आक्रसतो. 2001 मध्ये निकोनॉसचे उत्पादन थांबले.

डिजिटल कॅमेऱ्याने छत्तीस चित्रांच्या रोलची मर्यादा संपवली आणि चित्र पाण्यातच पाहता येऊ लागले. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात पहिल्यांदाच बुडी मारणाऱ्या पर्यटकाचेही चित्रण आता तळहाताएवढ्या ॲक्शन कॅमेऱ्यावर होते. पाण्याचे गुणधर्म मात्र तेच आहेत. हरवलेला तांबडा रंग परत आणायला फ्लॅश लागतोच. तोही लेन्सपासून दूर, बाजूला धरावा लागतो, नाहीतर पाण्यात तरंगणारे कण चमकून चित्रभर पांढरे ठिपके पडतात. आजही कॅमेरा जलरोधक पेटीत घालून नेणारा छायाचित्रकार बुडीपूर्वी रबरी कडी काढून पुसतो, तिच्यावर वाळूचा कण किंवा केस नाही ना हे बोट फिरवून पाहतो आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात देऊन ती परत बसवतो.