‘च’चा प्रवास

संस्कृतातील ‘च’ दोन पदे जोडतो. मराठीतील ‘च’ एकाची निवड करून बाकीची दूर सारतो. अक्षर एकच, परंतु काम निराळे. आपल्या ‘च’चे मूळ प्राकृतात आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने ‘चेअ’, ‘चिअ’, ‘च्च’ ही अव्यये निश्चयार्थक म्हणून नोंदविली. ज्ञानेश्वरीत (1290) ‘चि’ पदोपदी भेटतो.

त्याची जागा हलली की अर्थ पालटतो. ‘रामच आला’ यात इतरांचे न येणे आहे. ‘राम आलाच’ यात त्याचा हट्ट. आणि ‘आलाच तर’ म्हणताच हे निश्चयाचे अव्यय संशयाच्या सेवेस लागते!

इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी मुलांची येथे गफलत होते, कारण हिंदीचा ‘ही’ तो आपला ‘च’, आणि आपला ‘ही’ तो हिंदीचा ‘भी’. बडोदेकरांना हेच काम करणारा गुजराती ‘ज’ परिचित आहे.

हैदराबादेत मात्र दखनीने आपला ‘च’ जसाच्या तसा उचलला. उत्तरेकडील उर्दूचे अभिमानी त्याला गावंढळ समजत आले. नामे बाजारातही उसनी मिळतात. अशी लकब उचलावयास पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार लागतो, हे त्यांनी ध्यानी घेतले नाही. वजहीच्या ‘सबरस’ (1635) या गोवळकोंड्याच्या ग्रंथात हा ‘च’ आहे, आणि चारमिनारच्या परिसरात आजही ‘अब्बीच आया’ असे सहज ऐकू येते.