कागदावरचं अनाथपण

1955 साली ओरेगनच्या होल्ट दांपत्यानं युद्धात होरपळलेल्या कोरियातली आठ मुलं दत्तक घेतली. युद्ध मागे पडलं, वाट मात्र रुंदावत गेली. 1985 या एकाच वर्षात आठ हजारांहून अधिक मुलं परदेशी गेली. आता दत्तक आईबाप मुलाला घेऊन त्याचं अनाथालय पाहायला जातात. आपण याला कृतज्ञतेचा प्रवास म्हणतो. पण पाहा, मार्च 2025 मध्ये कोरियाच्याच सत्यशोधन आयोगानं सांगितलं, की आईबाप हयात असलेली मुलंही कागदोपत्री अनाथ ठरवली गेली. म्हणजे माया खरी, कागद खोटा. तेव्हा आपण एवढंच म्हणू: तिथे नुसता खाऊ वाटून परतू नये. मुलाच्या शेजारी बसून त्याची फाईल मागावी. मायेला त्या फाईलची भीती कशाला?