परतीची वाट: घरातले दोन दरवाजे आणि हरवलेली नोंद

मंडळी, आज बोलायचं आहे ते एका बंद पडलेल्या वाटेबद्दल. इतिहासाच्या व्याख्यानात राउटर, गेटवे, व्हीपीएन असले शब्द ऐकून कोणाच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर त्यांनी थोडा धीर धरावा ही विनंती. ही वाट आमच्या घरात बंद पडली, ती उघडताना आमच्या हातून एक चूक झाली, आणि ती का झाली हे समजून घेण्यासाठी आम्हाला थेट १९७४ सालापर्यंत मागे जावं लागलं.

आधी घर समजून घेऊ. आम्ही पाच जण मिळून मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करतो. १९८२ चा संप ज्यांनी अंगावर घेतला अशी ही माणसं. काही जण मोकळेपणाने बोलतात, काही जण फार सांभाळून. म्हणून प्रत्येकाला आम्ही लेखी शब्द देतो, की तुमचं बोलणं बाजारात जाणार नाही आणि ते कोणी, कधी ऐकलं याची नोंद राहील. मागाल तेव्हा दाखवू. सगळी ध्वनिमुद्रणं पुण्याला आमच्यातल्या एकाच्या घरी, एका जुन्या संगणकावर ठेवलेली आहेत. बाकीचे चौघे मुंबई, पनवेल, सातारा आणि रत्नागिरीला.

टाळेबंदी आली आणि पुण्याला येणं-जाणं थांबलं. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला आणि २९ मार्चला लिनक्सची ५.६ ही आवृत्ती निघाली, तिच्यात जेसन डोनेनफेल्ड यांचं वायरगार्ड पहिल्यांदा मूळ गाभ्यातच आलं होतं. निव्वळ योगायोग, पण आमच्या उपयोगी पडला. वायरगार्ड म्हणजे उघड्या रस्त्याखालून खणलेला खाजगी बोगदा. त्यात प्रत्येक माणसाला स्वतःची किल्ली असते आणि त्या किल्लीला बोगद्यातला एक पत्ता बांधलेला असतो. पनवेलच्या सहकाऱ्याची किल्ली म्हणजे १०.१०.१०.३. दुसरा कोणी तो पत्ता लावून आत येऊच शकत नाही. नोंदवहीसाठी याहून चांगलं काय हवं?

तर घरात आता दोन दरवाजे झाले. एक इंटरनेटवाल्याने दिलेला राउटर, पत्ता १९२.१६८.१.१. दुसरा, त्याच्याच शेजारी ठेवलेला तळहाताएवढा संगणक, १९२.१६८.१.२. बोगदा उघडतो तो या दुसऱ्यात. ध्वनिमुद्रणांचा संगणक आत, १९२.१६८.१.२० वर.

पहिल्याच दिवशी पनवेलहून फोन. "बोगदा जोडला गेलाय, पण संग्रह उघडत नाही."

आम्ही छोट्या संगणकावर बसलो. तिथून संग्रहाला पिंग केलं, उत्तर आलं. तिथून पनवेलला पिंग केलं, तेही आलं. अर्धी वाट इकडची नीट, अर्धी वाट तिकडची नीट, सबंध वाट मात्र बंद! दोन दिवस आम्ही किल्ल्या बदलल्या, केबल बदलली, सगळं बंद करून चालू केलं. या कामात माणूस जे जे करतो ते सगळं केलं.

आता थोडा वेळ घर सोडू या.

१९७४ च्या मे महिन्यात व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांचा निबंध प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या जातीची जाळी एकमेकांना जोडायची कशी, हा प्रश्न. त्यांचं उत्तर असं, की दोन जाळ्यांच्या सीमेवर एक गेटवे बसवावा. पत्ता वाचायचा, पाकीट पुढच्या जाळ्यात सोडायचं, एवढंच त्याचं काम. सबंध वाट कोणाच्याच डोक्यात नाही, प्रत्येकाला फक्त पुढचं पाऊल ठाऊक. २२ नोव्हेंबर १९७७ ला याची मोठी परीक्षा झाली. कॅलिफोर्नियात रस्त्यावर धावणाऱ्या एका गाडीतून रेडिओने पाकिटं निघाली, अर्पानेटवरून गेली, अटलांटिक ओलांडून नॉर्वे आणि इंग्लंडला पोचली, उपग्रहावरून परत फिरली आणि कॅलिफोर्नियातल्याच दुसऱ्या संगणकावर उतरली. तीन प्रकारची जाळी, आणि मधल्या एकाही गेटवेला हा सगळा प्रवास ठाऊक नव्हता.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. जाण्याची वाट आणि येण्याची वाट एकच असली पाहिजे, असं या रचनेत कुठेही म्हटलेलं नाही. उत्तर हे स्वतंत्र पाकीट. ते आपली वाट आपण शोधतं. डेव्हिड क्लार्क यांनी १९८८ साली या सगळ्यामागचा विचार लिहून काढला. जाळ्याचा एखादा भाग पडला तरी संवाद चालू राहावा, म्हणून मधल्या गेटवेंनी कोणाच्या संभाषणाची आठवण ठेवायची नाही. ती आठवण दोन टोकांच्या यंत्रांकडेच. त्याच निबंधात त्यांनी उद्दिष्टांची यादी क्रमवार दिली आहे. सगळ्यात शेवटचं उद्दिष्ट कोणतं? कोणी किती वापरलं याचा हिशेब ठेवता यावा, हे. लष्कराच्या पैशावर चाललेल्या कामात आधी टिकाव, मग हिशेब. हे क्लार्क स्वतःच कबूल करतात, आणि व्यापारी जाळं असतं तर क्रम वेगळा लागला असता असंही म्हणतात. आम्ही नोंदवह्यांवर जगणारी माणसं, आम्हाला ती यादी वाचून जरा गंमत वाटली.

आता परत पुण्याला. पनवेलचं पाकीट बोगद्यातून छोट्या संगणकात आलं, त्याने ते संग्रहाकडे दिलं. संग्रहाने उत्तर लिहिलं, पत्ता १०.१०.१०.३. पण हा पत्ता घरातला नाही. घराबाहेरचं सगळं कोणाकडे द्यायचं? संग्रहाला एकच दरवाजा माहीत होता, तो राउटरचा. राउटरला बोगद्याची गंधवार्ता नाही. त्याने ते उत्तर उघड्या इंटरनेटच्या दिशेला ढकललं आणि ते वाटेतच कुठेतरी गडप झालं.

हे कळलं ते टीसीपीडंपमुळे. १९८८ च्या सुमारास लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं हे साधन तारेवरून जाणारं प्रत्येक पाकीट ओळीओळीने दाखवतं. आम्ही संग्रहावर लावलं. उत्तर निघताना दिसत होतं, वर पत्ता पनवेलचा, पण ज्या यंत्राच्या हाती ते दिलं जात होतं त्याचा हार्डवेअर क्रमांक राउटरचा. त्या एका ओळीत सगळा घोटाळा उघडा पडला. दोन दिवस अंदाज बांधण्याऐवजी पहिल्या तासालाच हे केलं असतं तर बरं झालं असतं, पण ते असो.

मग राउटरला सांगितलं, १०.१०.१०.० चं सगळं शेजारच्या १९२.१६८.१.२ कडे दे. आता चालायलाच हवं. तरी चालेना.

याचं कारण १९९० च्या दशकात आहे. पत्ते संपत चालले होते. मार्च १९९४ मध्ये काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवायचं ठरलं. ते फेब्रुवारी १९९६ मध्ये कायम झालं, आणि आज आपल्या सगळ्यांच्या घरातले १९२.१६८ त्यातलेच. १० पासून सुरू होणारे पत्ते तर एकेकाळी खुद्द अर्पानेटचे. ते जाळं १९९० साली मोडीत निघालं, घर रिकामं झालं आणि त्याचा क्रमांक सगळ्यांना वाटून टाकला. आमच्या बोगद्याचा क्रमांक हा असा वारशाने आलेला. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा घरी एक मोडेम, एक संगणक; स्वस्तातल्या शेल खात्याला तर स्वतःचा पत्ताही नसे. घरात दोन गेटवे हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

खाजगी पत्त्यांबरोबर नॅट आलं. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी ते मांडलं: आतल्या सगळ्यांच्या पाकिटांवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता पुसून दारातल्या यंत्राने आपला लिहायचा. आणि त्याच सुमारास आल्या आठवण ठेवणाऱ्या फायरवॉल. लिनक्समध्ये ही सोय २००१ च्या २.४ आवृत्तीपासून. थोडक्यात काय, क्लार्क ज्याला नको म्हणत होते ते झालं. मधल्या दरवाज्यावर एक कारकून बसला आणि त्याच्यासमोर आवक-जावकची बारनिशी उघडली गेली.

आमच्या राउटरमध्ये हाच कारकून. पनवेलचा प्रश्न घरात आला तो शेजारच्या दाराने, त्यामुळे त्याची आवक याच्या वहीत नाही. संग्रहाचं उत्तर मात्र याच्या टेबलावर. तो म्हणतो, ज्या पत्राची आवक नाही त्याचं उत्तर जावकेला कसं लावू? आणि पाकीट कचऱ्यात. त्याच्या परीने तो बरोबरच होता. खरं तर अशा वेळी गेटवेने "बाबा, तू शेजारच्या दाराने जा" असं यंत्राला कळवावं, ही तरतूद सप्टेंबर १९८१ च्या नियमांतच आहे. पण असा निरोप कोणी खोटाही पाठवू शकतो, म्हणून पुष्कळ यंत्रं तो ऐकत नाहीत. आमचं ऐकत नव्हतं.

इथे आमची चूक झाली. आमच्यातल्या एकाचा भाचा या कामात तयार. त्याने छोट्या संगणकावर एक ओळ लिहिली आणि म्हणाला, "मामा, आता उघडून बघायला सांगा." उघडलं! पनवेल, सातारा, रत्नागिरी, सगळीकडे उघडलं. त्याने केलं ते नॅट. बोगद्यातून येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर छोटा संगणक आता आपला पत्ता लिहीत होता. संग्रहाला वाटे, विचारणारा घरातलाच आहे. उत्तर सरळ त्याच्या हाती. राउटरचा संबंधच उरला नाही. आम्ही पेढे खाल्ले म्हटलं तरी चालेल.

तीन आठवड्यांनी एका मावशींचा फोन आला. वाइंडिंग खात्यात बावीस वर्षं काढलेल्या. संपाच्या काळात चाळीत कोणी कोणाला काय केलं, हे त्यांनी नावं घेऊन सांगितलं होतं. त्यांना कुणकुण लागली होती की त्यातलं काही बाहेर गेलं. त्यांनी एवढंच विचारलं, "माझं बोलणं कोणी कोणी ऐकलं ते बघून सांगता का?"

वही उघडली. त्यांच्या मुलाखतीपुढे तीन आठवड्यांत सात नोंदी. सातही ठिकाणी एकच पत्ता: १९२.१६८.१.२.

चौघांना मिळून एकच पासवर्ड दिलेला होता, हा आमचा आळस. किल्लीगणिक वेगळा पत्ता आहेच, तेवढा पुरे, असं आम्ही धरून चाललो होतो. आणि तोच पत्ता आम्ही दारात पुसत होतो. नॅटच्या त्या १९९४ च्या मूळ टिपणात हा धोका लिहिलेला आहे. यंत्राची ओळख लपते, त्यात खाजगीपणाचा फायदा असला तरी एकंदरीत हा दोषच, कारण गडबड कोणी केली ते शोधणं कठीण जातं, असा त्याचा आशय. त्याच जुलैत चार अभियंत्यांनी खाजगी पत्त्यांच्या प्रथेला विरोध करणारं टिपणही काढलं होतं. इतकी वर्षं हे सगळं उघड्यावर पडलेलं होतं. आम्ही ते मावशींच्या फोननंतर वाचलं.

त्याच संध्याकाळी नॅट काढलं. त्याऐवजी संग्रहाच्या संगणकालाच सांगितलं, १०.१०.१०.० चं उत्तर राउटरकडे न देता १९२.१६८.१.२ कडे दे. एक ओळ. प्रश्न ज्या दाराने आला त्याच दाराने उत्तर गेलं, आणि वहीत १०.१०.१०.३, १०.१०.१०.५ असे खरे पत्ते उमटू लागले. घरातल्या आणखी यंत्रांना बोगद्याकडे वळवायचं असतं तर गेटवेच वेगळ्या उपजाळ्यात हलवून दोन्ही वाटा राउटरसमोरून नेल्या असत्या. आमच्या एका संग्रहाला त्याची गरज नव्हती. पासवर्डही चार केले.

मागचे तीन आठवडे मात्र गेले ते गेलेच. मावशींना आम्ही खरं ते सांगितलं, की सात वेळा ऐकलं गेलं, कोणी ते आमच्या वहीतून निघत नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "किल्ल्या किती जणांकडे होत्या?" आम्ही म्हटलं, चौघांकडे. "मग चौघांना बसवून विचारा की. आम्हाला विचारता तसं."

विचारलं. दोघांनी नाही म्हटलं. एकाने दोनदा ऐकलं होतं, लेखनासाठी. चौथ्याने पाच वेळा, आणि त्यातल्या एकदा घरी पाहुणे बसलेले होते. ही चारही उत्तरं तारखेसह कागदावर लिहिली, खाली सह्या घेतल्या, आणि तो कागद आता त्या मुलाखतीच्या फाइलला लावलेला आहे. मावशींनी त्याची एक प्रत मागून घेतली.