एटीकेटी (सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ)

काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसण्याची मुभा. किती विषयांपर्यंत, हे अभ्यासक्रमागणिक बदलते. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत आंबेगाव तालुक्यातील कळंबही येते. महाविद्यालय जवळच मंचरला. एटीकेटीच्या सवलतीने दर्जा घसरतो, असा आक्षेप नेहमीचा. तो टिकत नाही. राहिलेला विषय सुटल्याखेरीज पदवी हाती पडत नाही; वाचते ते फक्त वर्ष. मात्र कळंबसारख्या गावात कांदा काढणीच्या दिवसांत मजुरीसाठी तास बुडवणाऱ्याला नुसती मुभा काय कामाची? त्याला विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना अधिक उपयोगी: ग्रंथालयात पुस्तके लावायची, कार्यालयात नोंदी करायच्या, तासावर मानधन घ्यायचे. गरजूंनी महाविद्यालयाच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्याकडे सत्राच्या सुरुवातीलाच चौकशी करावी.