२८ अक्षरांचा वाद

मंडळी, इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द कोणता, हा प्रश्न आमच्या पिढीला शाळेपासून ठाऊक. उत्तर तोंडपाठ असायचं: अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम. स्पेलिंग २८ अक्षरांचं. एका दमात म्हणून दाखवायचं आणि शाबासकी घ्यायची. अर्थ कुणी विचारत नसे. आज आपण तो विचारू या.

सुरुवात मधून करू. 'एस्टॅब्लिश' म्हणजे स्थापन करणं. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला शब्द. त्यातला 'स्टा' आणि आपल्या 'स्थापने'तला 'स्था' एकाच कुळातले. 'मेंट' प्रत्यय लागला की त्याचं नाम होतं. पण इंग्लंडात या नामाला एक खास अर्थ चिकटला: कायद्यानं प्रस्थापित केलेलं, राज्याचं अधिकृत चर्च. १५३४ साली पार्लमेंटनं आठव्या हेन्रीला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख म्हणून मान्यता दिली, रोमच्या पोपचा अधिकार संपला, तिथपासूनची ही व्यवस्था.

आता, जे या चर्चचे नव्हतेच त्यांचं काय? बॅप्टिस्ट, क्वेकर वगैरे मंडळी आपापल्या प्रार्थनाघराचा खर्च पदरमोड करून चालवत, आणि वर गावातल्या अधिकृत चर्चच्या डागडुजीसाठी 'चर्च रेट' नावाची पट्टीही भरत. ती सक्ती १८६८ मध्ये उठली. ऑक्सफर्ड-केंब्रिजमधली धर्माची अट बव्हंशी १८७१ मध्ये गेली. आयर्लंडचा मामला तर उघड अन्यायाचा. तिथे बहुसंख्य लोक कॅथलिक. अधिकृत चर्चचे अनुयायी १८६१ च्या जनगणनेत १२ टक्क्यांच्या आसपास. तरी राज्याचं चर्च तेच! ग्लॅडस्टननं १८६९ मध्ये कायदा करून ते मोडलं, अंमल १ जानेवारी १८७१ पासून. आपल्या शब्दातला 'डिस' तो हा. वेल्सचा कायदा १९१४ चा, पण महायुद्धामुळे अंमल १९२० मध्ये.

मग 'अँटि' कुठून आला? आयर्लंडातलं चर्च मोडलं तर उद्या इंग्लंडचंही मोडेल, त्याच्या जमिनी आणि उत्पन्नं जातील, ही भीती. तिला 'एरियन' आणि 'इझम' लागले की भूमिका बाळगणारा माणूस आणि त्याचा वाद, दोन्ही तयार.

इथे आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो. 'अँटि' आणि 'डिस' हे दोन नकार. ते एकमेकांना खाऊन टाकतात का? अभावाचा अभाव म्हणजे मूळ भावच, असं जुने नैयायिक म्हणत. रघुनाथ शिरोमणीला ते पटलं नाही. आम्ही इथे रघुनाथाच्या बाजूचे. १७०० सालचा इंग्लंडातला एखादा पाद्री आपल्या चर्चला निमूट मानत होता, त्याला 'अँटि'ची गरजच नव्हती. ते मोडा, असं कुणीतरी जोरात म्हटल्यावर त्याचा नातू 'अँटि' झाला. श्रद्धा कदाचित तीच, पण आता तिला बचाव करावा लागतो. म्हणून या शब्दातल्या उपसर्गांचा क्रम बदलता येत नाही. घटना ज्या क्रमानं घडल्या त्याच क्रमानं ते लागले आहेत.

गंमत अशी, की भांडणाऱ्यांनी हा शब्द फारसा वापरलाच नाही. मोडा म्हणणाऱ्यांची संघटना १८४४ मध्ये एडवर्ड मियाल यांनी काढली, ती पुढे 'लिबरेशन सोसायटी' म्हणून ओळखली गेली. म्हणजे मुक्ती! राखा म्हणणारे स्वतःच्या कामाला 'चर्च डिफेन्स' म्हणत. म्हणजे संरक्षण. लोकांपुढे जायचं तर नाव सुटसुटीत हवं आणि त्यात नकार नको, हे दोघांनाही कळत होतं. आपले पक्ष तरी वेगळं काय करतात? २८ अक्षरं मग कोडी घालणाऱ्यांच्या आणि स्पेलिंग विचारणाऱ्यांच्या वाट्याला आली.

या वादाचा आपल्याशीही थोडा संबंध आहे. मुंबईचं बिशपपद १८३७ पासूनचं. त्या बिशपचा आणि सरकारी चॅपलिनांचा पगार हिंदुस्थानच्या महसुलातून जाई. पुण्या-नगरच्या शेतकऱ्याचा सारा ज्या तिजोरीत भरला जाई, त्याच तिजोरीतून. १९२७ मध्ये इंडियन चर्च ॲक्ट झाला आणि १९३० मध्ये इथलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्यानं वेगळं झालं. खुद्द इंग्लंडात मात्र ते अजून राज्याचंच चर्च आहे, आणि लॉर्ड्सच्या सभागृहात त्याच्या २६ बिशपांच्या जागा आजही राखीव आहेत.