स्वयंसेवकाची काळजी कोणी वाहावयाची?



१९६६ साली मुंबईच्या विक्रोळी उपनगरातील दवाखान्यात एक अमेरिकन परिचारिका कामाला आल्या. वय ६८. त्यांचे नाव लिलियन कार्टर. पुढे त्यांचा मुलगा अमेरिकेचा अध्यक्ष झाला. त्यांना धाडले होते ‘पीस कोअर’ या सरकारी संस्थेने. आपण तिला शांतिपथक म्हणू. विक्रोळीच्या रोग्यांची काळजी बाईंनी वाहिली. पण परमुलखात अशा स्वयंसेवकाची काळजी कोणी वाहावयाची? या प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

१ मार्च १९६१ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी हुकूम काढून हे पथक उभे केले आणि २२ सप्टेंबरला त्याला कायद्याचा पाया मिळाला. त्या कायद्यातील एक कलम मोठे मार्मिक आहे. स्वयंसेवक हा सरकारी नोकर समजला जाणार नाही, असे ते सांगते. हेतू चांगलाच होता. खेड्यात राहावयास जाणाऱ्याने साहेब होऊन जाऊ नये, पोटापुरत्या भत्त्यावर लोकांसारखे राहावे. पण नोकरी नाही म्हटले की नोकराचे संरक्षणही गेले! म्हणून कायद्याने अपवाद केले. सेवेच्या काळात औषधपाणी सरकारने करावे. दुखापत वा मृत्यू ओढवल्यास भरपाईपुरते त्याला नोकरच मानावे. घाव बसल्यावर काय द्यावयाचे, हे असे ठरले. अन्यायाविरुद्ध तोंड उघडणाऱ्याच्या पाठीशी कोणी उभे राहावयाचे, हे मात्र ठरले नाही.

त्याची किंमत केट प्यूझी या २४ वर्षांच्या शिक्षिकेने मोजली. पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशात ती शिकवीत होती. पथकासाठीच काम करणारा एक शिक्षक शाळकरी मुलींवर अत्याचार करतो, असे तिने कार्यालयाला कळविले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. मार्च २००९ मध्ये तिचा खून झाला. गुप्तता पाळली गेली नाही, असा तिच्या कुटुंबाचा आरोप होता.

पण घरची माणसे शोक करीत बसली नाहीत. मे २०११ मध्ये लोकप्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे केटच्या आईने आणि परदेशी सेवेत अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनी साक्षी दिल्या. २१ नोव्हेंबर २०११ रोजी केटच्या नावाचा कायदा झाला. तक्रार करणाऱ्याची ओळख झाकणे, अत्याचार टाळण्याचे व त्यांना तोंड देण्याचे शिक्षण देणे आणि पीडितांची बाजू घेणारा अधिकारी नेमणे या गोष्टी त्याने बंधनकारक केल्या. मूळ कायद्याला तेव्हा ५० वर्षे झाली होती.

२०१३ साली चीनमध्ये निक कॅसल हा २३ वर्षांचा स्वयंसेवक आजारी पडून वारला. त्याच्या उपचारांतील उणिवा चौकशीत पुढे आल्या. २०१८ च्या सुधारणा कायद्यावर त्याचे नाव आहे आणि शेजारी सॅम फार यांचे, जे स्वतः तरुणपणी कोलंबियात स्वयंसेवक होते. पथकाच्या डॉक्टरांच्या पात्रतेकडे आणि परतलेल्यांच्या आरोग्याकडे या कायद्याने लक्ष पुरविले.

प्रत्येक सुधारणेमागे अशी एक चिता आहे. पूर आला, साथ आली की आपणही गावोगाव पोरे धाडतो. धाडण्यापूर्वी त्यांचे गाऱ्हाणे कोण ऐकणार आणि ऐकलेले पोटात कोण ठेवणार, एवढे तरी ठरवून ठेवावे.